धार लावण्याचा वेळ कुणाचा?

रोजंदारीवर आलेला सुतार हातातले काम थांबवून खाली बसतो, पिशवीतून कानस काढतो आणि पुढचा काही वेळ लाकडाला हातही लावीत नाही. तो वेळ कुणाच्या खात्यावर घालावयाचा? त्याच्या, की त्याला रोज देणाऱ्याच्या? प्रश्न क्षुल्लक वाटेल. १९९८ साली मलाही तो इतका क्षुल्लक वाटला की मी त्याचे उत्तर उभ्याउभ्या देऊन टाकले. ते उत्तर चुकीचे होते, हे उमगावयास मला बावीस वर्षे लागली. आणि ज्यांच्यापुढे ती कबुली द्यावयाची, ते मिस्त्री तोवर हयात राहिले नव्हते.

प्रसंग सांगण्यापूर्वी त्यातल्या हत्याराची ओळख करून देणे भाग आहे, कारण वाचकांपैकी फार थोड्यांनी ते पाहिले असेल आणि ज्यांनी पाहिले असेल त्यांनाही ते हत्यार वाटले नसेल. एक आयताकृती पोलादी पत्रा. लांबी साधारण सहा इंच, रुंदी अडीच इंच, जाडी एक मिलिमीटरहूनही कमी. त्याला मूठ नाही, दांडा नाही, टोक नाही. इंग्रजी पुस्तकांत त्याला स्क्रेपर म्हटलेले असते. आमचे मिस्त्री नुसते ‘पाते’ म्हणत. निकामी झालेल्या करवतीचा तुकडा कापूनही ते तयार करता येते आणि मिस्त्रींचे तसेच होते. त्याच्या एका कडेला करवतीचे जुने भोक अजून शिल्लक होते.

हे पाते दोन्ही हातांत धरावयाचे, दोन्ही अंगठ्यांनी मागून दाबून किंचित धनुष्यासारखे वाकवावयाचे आणि पुढे झुकवून लाकडावरून ढकलावयाचे. पाहणाऱ्याला वाटते की, नखाने जळका तवा खरवडावा तसा हा माणूस लाकूड खरवडतो आहे. वस्तुतः तसे नाही. पात्याच्या कडेला डोळ्यांना न दिसणारा, पण बोटाला जाणवणारा एक बारीक ओठ वळवलेला असतो. कापतो तो ओठ. म्हणजे ते खरवडणे नसून अतिसूक्ष्म रंधणेच होय. पात्याला धार असेल तर लाकडावरून कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ कीस सुटतो. धार गेली असेल तर नुसता भुसा पडतो. पाते कसे आहे, हे ओळखण्यास याहून वेगळी परीक्षा लागत नाही.

रंधा असताना हे पाते कशाला, असे कुणी विचारील. सागाच्या रुंद फळीत, शिसवीत, किंवा गाठीच्या भोवती लाकडाचे तंतू एकाच दिशेने धावत नाहीत. हातभर अंतरात त्यांचा रोख उलटतो. अशा जागी रंध्याचे पाते तंतूंच्या खाली शिरते, त्यांना उचलते आणि कापण्यापूर्वीच उपटून काढते. फळीवर खवले उठतात. पात्याचा ओठ इतका लहान असतो आणि त्याचा कीस इतका नाजूक, की तंतू उचलला जाण्याआधीच तो कीस जागच्या जागी मोडतो. पुढचे लाकूड उपटायला त्याच्या अंगी बळच नसते. म्हणून जेथे रंधा हरतो तेथे हा पत्रा चालतो. पॉलिश पेपरनेही फळी गुळगुळीत होते. पण तो तंतू घासून चुरतो आणि त्यांची पूड लाकडाच्या बारीक छिद्रांत बसते. वर चपड्याचे पॉलिश चढले की त्या फळीला थोडा मळभ आल्यासारखा दिसतो. फरक फार मोठा आहे असे मी म्हणणार नाही. दिव्याच्या उजेडात तो दहांपैकी आठांना दिसत नाही.

ज्यांना दिसतो, त्यांनी मात्र शतकानुशतके या पत्र्याची साथ सोडलेली नाही. पॉलिश पेपर स्वस्त आणि मुबलक होण्यापूर्वी युरोपातले कारागीर माशाची खरखरीत वाळलेली कातडी आणि एक्विसेटम नावाच्या वनस्पतीचे दांडे घासण्यासाठी वापरीत; पण अखेरचा हात पुष्कळदा पोलादाचाच असे. व्हायोलिन बनवणारे आजही वाद्याचा पुढचा स्प्रूसचा व मागचा मेपलचा पत्ता अशाच पातळ पात्यांनी पुरा करतात. क्रेमोना येथे स्त्रादिवारी यांच्या कार्यशाळेतील साचे, नमुने व अवजारे जपून ठेवली आहेत. ज्युसेप्पे फिओरिनी या वाद्य-कारागिराने ती १९३० साली त्या शहराला दिली. आपल्या गायकवृंदात व्हायोलिन वाजवणाऱ्यांनी कधी वाद्याची पाठ तिरप्या उजेडात धरून पाहावी. मेपलच्या उलटसुलट तंतूंचे ते पट्टे हलल्यासारखे दिसतात.

आता धार. प्रश्नाचे मूळ तेथेच असल्याने येथे थोडा वेळ थांबतो. सुरी आणि पटाशी यांची धार दगडावर झिजवून काढतात. पात्याची धार झिजवून निघत नाही. प्रथम त्याची लांब कड कानशीने सरळ आणि काटकोनात करावयाची. मग कानशीचे ओरखडे जाईपर्यंत ती कड निसण्यावर घासावयाची. तसेच दोन्ही पृष्ठेही. येथवर आले की दोन लखलखीत कोपरे मिळतात, पण पाते अजून कापत नाही. यानंतर पात्याहून अधिक कठीण पोलादाची एक गुळगुळीत सळई घेतात. मिस्त्री गोल पटाशीची पाठच वापरीत. पाते आडवे ठेवून, तेलाचा थेंब लावून, सळई पृष्ठावरून कडेलगत चार-सहा वेळा दाबून फिरवतात. त्याने पोलाद किंचित कडेबाहेर सरकते. मग पाते उभे धरून सळई कडेवरून ओढतात. आधी अगदी आडवी, नंतर पाच ते दहा अंश कलती करून. ते बाहेर सरकलेले पोलाद वळते आणि ओठ तयार होतो. येथे काहीही काढून टाकलेले नसते. जे होते तेच दाबून वळवलेले असते.

आणि किती दाबावयाचे, ही खरी मेख. दोन-तीन हलके हात पुरतात. नवशिका हमखास जोर लावतो, सळई अधिक कलती करतो, आणि ओठ स्वतःवरच गुंडाळला जातो. तसे पाते दिसायला धारदार, बोटाला खरखरीत आणि कामाला निरुपयोगी. मग पुन्हा कानस, पुन्हा निसणा. नीट केलेला ओठ बोथटला तर मात्र प्रत्येक वेळी मुळापासून सुरुवात करावी लागत नाही. तो पृष्ठाच्या बाजूने पुन्हा घोटून सरळ करावयाचा आणि पुन्हा वळवावयाचा. मिनिटभराचे काम. दोन लांब कडा, प्रत्येकीचे दोन कोपरे, म्हणजे एका पत्र्यावर चार धारा. त्या चारही उतरल्या की दहा-बारा मिनिटे बसावे लागते.

सागाला तर हे बसणे फारच वेळा लागते. सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे वाळूचेच द्रव्य. ते कुठल्याही धारेला लवकर खाते. आणि धार गेली की लगेच कळते, कारण घर्षणाने पाते तापते आणि मागे टेकलेले अंगठे भाजू लागतात. कसबी माणूस त्या क्षणी थांबतो.

१९९८ साली मी एका धर्मग्रामात नवखा साहाय्यक होतो. फेस्त पंधरा दिवसांवर आलेले. प्रमुख धर्मगुरू काही दिवस बाहेरगावी गेले असल्याने किल्ल्या आणि जमाखर्चाची वही माझ्या हाती होती, आणि दोन्हींचा मला अभिमान होता. धर्मगुरुनिवासात एक जुने सागवानी टेबल होते. वरची फळी रुंद, एकसंध. तिच्यावर शाईचे डाग, मेणाचे थर, पेल्यांच्या बुडाची वर्तुळे. ते नीट करून पॉलिश करावयास साठीच्या घरातले एक मिस्त्री आले होते, सोबत हाताखाली एक मुलगा. दुपारी मी डोकावलो तेव्हा मिस्त्री ओट्यावर बसून पत्र्याला कानस लावीत होते. तासाभराने गेलो तेव्हाही बसलेलेच. माझ्या मनाने मधला सगळा तासही त्यांना बसवून टाकला. मी म्हणालो, “मिस्त्री, रोज लाकडाचा धरलाय की लोखंडाचा?”

वाक्य मला चटकदार वाटले. हाताखालचा मुलगा हसलाही. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले, कानस पिशवीत ठेवली आणि उठून कामाला लागले. पुढे तिन्हीसांजेपर्यंत ते थांबले नाहीत. मी दोनदा येऊन पाहिले. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता, मान लाल झाली होती, फळीवर भुशाचा ढीग साचत होता. मी समाधानाने परत गेलो. भुसा आणि कीस यांतला भेद मला तेव्हा ठाऊक नव्हता.

संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून उजेड फळीवर आडवा पडला आणि सगळे दिसले. मधोमध एक उथळ खळगा. जोर लावून लावून एकाच जागी घासल्याचा. त्याच्या कडेला चंद्रकोरीसारखे चार-पाच ओरखडे, पात्याचा कोपरा रुतल्याचे. मिस्त्री त्यावरून बोट फिरवीत होते. अंगठ्याला फोड आला होता. ते एवढेच म्हणाले, “फादर, माझ्या हातून बिघडलं. उद्या पुन्हा सारखं करतो. उद्याचा रोज धरू नका.”

आणि मी तो धरला नाही.

दुसऱ्या दिवशी ते दिवसभर राबले, हवे तेव्हा बसले, फळी शक्य तितकी सारखी केली. वहीत त्या तारखेपुढे मी शून्य लिहिले. धर्मग्रामाचा पैसा वाचवला, अशी माझी समजूत होती.

यात चूक नेमकी कुठली? मी अरेरावी केली, हे उत्तर खरे आहे, पण ते अपुरे आहे. माझे शब्द सौम्य असते, तरीही चूक तीच राहिली असती. त्या दुपारी माझ्या मनात एक मोजमाप होते आणि ते मी कधी तपासले नव्हते: ज्याला घाम येतो तो काम करतो, जो बसतो तो करीत नाही. हे मोजमाप आपल्या सर्वांच्याच हाडीमासी खिळलेले आहे. जे कष्टाने झाले ते अधिक मोलाचे, जे सहज झाले त्याची किंमत कमी. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांला कांट शिकवला गेला तेव्हा त्याच्यातही मला हाच सूर ऐकू आला होता. मनाच्या ओढीविरुद्ध, केवळ कर्तव्य म्हणून केलेल्या कृतीतच नैतिक मोल सर्वांत स्पष्ट दिसते, असे तो मानतो. थॉमस अक्वायनस मात्र निराळे सांगतो. त्याच्या मते सद्गुणाचे मर्म अवघडपणात नसून चांगुलपणात आहे. एखादी गोष्ट अधिक अवघड आहे एवढ्यानेच ती अधिक श्रेष्ठ ठरत नाही. त्याच्याही आधी ॲरिस्टॉटलने म्हटले होते की, न्यायी माणसाला न्यायाने वागण्यात आनंद वाटतो. ज्याला प्रत्येक वेळी स्वतःशी झुंजावे लागते तो अजून वाटेवर आहे. सेमिनरीत मी हे परीक्षेपुरते पाठ केले, गुणही मिळवले. पण निथळणारी मान पाहून समाधान पावलो त्या दुपारी मी थॉमसचा विद्यार्थी नव्हतो, हे उघड आहे.

बोथट पात्याने काम करणाऱ्याचे कष्ट खरेच असतात. ते नाटक नव्हे. फोड खरा, घाम खरा. पण त्या कष्टांतला मोठा वाटा लाकडाने मागितलेला नव्हता. तो मी मागितला होता. आणि एवढे करून फळी सुधारली नाही, ती बिघडली. धार गेली की हात आपोआप जोर लावू लागतो, आणि जोर हा नेहमी मनापासून केलेल्या कामासारखा दिसतो. वर्गात धडा तयार न करता गेलेला शिक्षक आवाज चढवतो. घरी मुलाशी काय बोलावे हे न सुचलेला बाप तेच वाक्य तिसऱ्यांदा, अधिक मोठ्याने बोलतो. प्रवचनपीठावरचे दाखले मी देत नाही. ते वाचकांना माझ्याहून अधिक ठाऊक असतील.

यात व्यवहाराचाही भाग आहे आणि तो नजरेआड करणे बरे नव्हे. तेच मिस्त्री उक्ते काम घेऊन आले असते, तर ते किती वेळा बसतात हे मी मोजले नसते. उक्त्यात मी टेबल विकत घेतो. रोजंदारीत मला वाटते की मी माणसाचा दिवस विकत घेतला. मग त्या दिवसातले प्रत्येक मिनिट भरलेले दिसावे, असा माझा हट्ट सुरू होतो. हट्ट दिसण्याविषयी असतो, म्हणून समोरचा माणूसही दिसण्याची सोय करू लागतो. मुकादम आला की फावडे जोरात चालते, हे कुणी पाहिले नाही? आपण त्याला कामचुकारपणा म्हणतो. पण त्याला ते शिकवले कुणी, हा प्रश्न विचारीत नाही. मिस्त्री तसे नव्हते. मला दाखवण्यापुरता पत्रा हलवून, मी वळताच त्यांनी धार लावली असती, तर फळी वाचली असती. त्यांनी मला फसवले नाही. मी सांगितले तसे त्यांनी केले, आणि फळी बिघडली.

मग त्यांचीही थोडी चूक होती का? आपले कसब जाणणाऱ्याने अडाण्याचा हुकूम मोडावयास नको होता का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला, आणि त्यात माझा स्वार्थ आहे हेही जाणतो. दोष वाटला गेला तर माझा वाटा हलका होतो. साठीचा सुतार पांढऱ्या झग्यातल्या तरुणाला, आपल्याच मदतनीसासमोर, ‘तुम्हांला यातले कळत नाही’ असे म्हणू शकला असता, असे समजणे म्हणजे आपल्या गावांची घडण न ओळखणे होय. त्यांच्यावर ती जबाबदारी मी टाकू शकत नाही.

एक आक्षेप मात्र मला महत्त्वाचा वाटतो. धार लावणे हेही काम असेल, तर आळशाला यासारखी उत्तम ढाल कुठली? आयुष्यभर हत्यारे लखलखीत ठेवणारे आणि एकही टेबल न करणारे लोक असतात. मी स्वतः पुस्तके वाचण्याला ‘तयारी’ म्हणून आजाऱ्यांच्या भेटी पुढे ढकलल्या आहेत. तेव्हा बसलेला प्रत्येक माणूस धारच लावतो आहे असे मानणे, हा पहिल्या चुकीचा फक्त उलटा पदर झाला. पण येथे ओळखण्याची खूण उपलब्ध होती. मिस्त्री उठल्यावर पात्याखालून काय सुटते, हे वाकून पाहिले असते तरी कळले असते. मला घाम दुरून दिसत होता; कीस पाहायला जवळ जावे लागले असते.

२०२० साली चर्च बंद होते. त्या दीर्घ महिन्यांत प्रार्थनामंदिरातल्या बाकांच्या गुडघे टेकण्याच्या फळ्या दुरुस्त कराव्या, असे मी मनात घेतले. सुतार बोलावणे शक्य नव्हते. जुन्या करवतीचा तुकडा कापला, एक पुस्तक उघडून समोर ठेवले आणि कानस हाती घेतली. पहिल्या दिवशी मी ओठ गुंडाळून टाकला. दुसऱ्या दिवशी कड काटकोनात आली नाही. तिसऱ्या दिवशी पाते लाकडावर ठेवले, ढकलले, भुसा पडला. म्हणून अधिक जोर लावला. अंगठे भाजू लागले. मी तरीही ढकलीतच होतो, आणि मग पाते कोपऱ्यावर कलून फळीत रुतले. उचलून पाहिले तर खाली चंद्रकोरीसारखा एक ओरखडा.

तो आकार मी ओळखत होतो. काम तेथेच टाकले आणि बराच वेळ बाकावर बसून राहिलो.

पुढे कीस निघू लागला. आठवड्याने म्हणा, दहा दिवसांनी म्हणा. तेव्हा घड्याळ लावून पाहिले: चारही धारांना मिळून अकरा मिनिटे लागत होती. सागाची हात-दीड हात फळी करीपर्यंत पुन्हा मिनिटभर ओठ वळवावा लागे. त्या १९९८च्या दुपारी मिस्त्री दोन्ही वेळा बसलेले मी पाहिले, म्हणून मधला तासही ते बसून होते, हा माझा निष्कर्ष किती निराधार होता, ते त्या घड्याळाने सांगितले. मधल्या वेळात बहुधा निम्मी फळी झालेली होती. मी फळीकडे पाहिलेच नव्हते.

गेल्या वर्षी त्या जुन्या धर्मग्रामात जाण्याचा योग आला. टेबल आहे, वर जाड कापड घातलेले असते. मिस्त्रींचा मुलगा आता तोच व्यवसाय करतो. तो सभागृहाच्या दारांचे काम करीत होता, हाती विजेवर चालणारे घासण्याचे यंत्र. मी त्याला बाजूला घेऊन एक पाकीट दिले. आजच्या दराने एका दिवसाचा रोज होता.

“हे कशाबद्दल, फादर?”

“तुझ्या वडिलांचा एक दिवस राहिला होता.”

“बाबांनी कधी काही बोलले नाहीत.”

मी त्याला पात्याविषयी सांगू लागलो. सागात सिलिका कशी असते, ओठ कसा वळवतात, त्या संध्याकाळी उजेड कुठून आला. तो आदराने ऐकत होता, पण एक डोळा दारावर होता. तीन पाखे संध्याकाळपर्यंत पुरे करावयाचे होते आणि काम उक्ते होते. त्याने पाकीट खिशात ठेवले, मान लववली आणि यंत्र सुरू केले. भुसा उडू लागल्यावर मी मागे सरकलो.